माघ्याच्या पोटातली गाठ

माघ्याची पाठ दुखायला लागली तेव्हा तो कूपावर, ठेकेदारानं घेतलेल्या जंगलाच्या तुकड्यात, लाकूड तोडत होता. थंडीचे दिवस होते. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा, आठ-दहा घरांचा. भातं झोडून झाली की तिथले सगळे पुरुष जंगलठेकेदाराच्या कामावर जात. कुऱ्हाड चालवणाऱ्याची पाठ दुखतेच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण पुढे त्याचं जेवण तुटलं. त्याची बायको कोंडी नाचणीची भाकर आणि उडदाचं कालवण पुढे ठेवी. दोन घास खाऊन तो ताट सरकवी आणि म्हणे, "पोट भरल्यागत वाटतं." कमरेचा करदोटा सैल झाला. होळीला सगळे नाचले, तो कुडाला टेकून बसून राहिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धूत असताना कोंडीला दिसलं, की त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं आहे.

जव्हारचं संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. राजाचे शिपाई जाऊन सरकारचे आले, जव्हारचा दवाखानाही सरकारचा झाला. पण सूर्यमाळहून मोखाड्यापर्यंत पायीच उतरावं लागे, आणि काविळीसाठी एवढ्या लांब कुणी जात नसे. काविळीचं औषध पाड्यातच होतं. ढवळू भगत पाला वाटून ताकातून द्यायचा, दंडावर तापल्या सळईचा डाग द्यायचा, आणि बहुतेक माणसं बरीही व्हायची. माघ्याला त्यानं औषध दिलं, डाग दिला, पुन्हा औषध दिलं. माघ्या बरा झाला नाही. उलट अंगाला अशी खाज सुटली की तो कुडाच्या कारवीवर पाठ घाशी आणि सदऱ्यावर रक्त उमटे.

शेजारच्या घरात भागी राहायची. विधवा, एकटी, पाड्याची सुईण. कोंडीची दोन्ही मुलं भागीच्याच हातावर जन्मली होती. ती एक दिवस माघ्याला बघायला आली, त्याच्या दंडाची लोंबती कातडी तिनं चिमटीत धरून पाहिली आणि ओसरीवर येऊन कोंडीला म्हणाली,

"कोंडे, ही नेहमीची कावीळ नाय. काविळीचं माणूस एवढं सुकत नाय. ह्याच्या आत काय तरी वेगळं हाय. जव्हारला ने ह्याला, डागदराकडं. उशीर नको करू."

ओसरीवर चार माणसं बसली होती. माघ्याचा धाकटा भाऊ पोश्याही होता. भागी निघून गेल्यावर तो म्हणाला, "आत काय हाय ते हिला कसं कळलं?"

 त्यानंतर पोश्याची बायको भागीच्या दारावरून जाताना पोरांना पदराआड घ्यायला लागली.

कोंडीनं मात्र भागीचं ऐकलं. मुलं पोश्याच्या घरी ठेवली आणि नवऱ्याला घेऊन ती जव्हारला गेली. तिथले गुप्ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी माघ्याला बाकावर आडवं केलं, बरगडीखाली बोटं रुतवून बराच वेळ दाबून पाहिलं. मग म्हणाले, "हे माझ्या हातातलं काम नाही. मुंबईला जावं लागेल. मी चिठ्ठी देतो."

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात माघ्याचं पोट फाडलं. कोंडी बाहेर व्हरांड्यात बसून असे. तिथलं बोलणं तिला अर्धंच कळे. पण तिच्या डोळ्यांना दिसत होतं ते खोटं नव्हतं. टाके ओले होते तेवढ्यातच माघ्याची खाज गेली. मग लघवीचा रंग उजळला. मग अंगावरचा पिवळेपणा हळूहळू उतरला. एका सकाळी त्यानं स्वतःहून चहा मागितला आणि पाव बुडवून खाल्ला. कोंडी भिंतीकडे तोंड करून रडली. तिला वाटलं, झालं, सुटलो.

परतताना ती दोघं जव्हारला थांबली. गुप्ते डॉक्टरांनी मुंबईहून आलेला कागद वाचला आणि दार लावून घेतलं.

"माघ्या, तुला खरं सांगू की नको?"

"सांगा साहेब. एवढ्या लांब खरं कळावं म्हणूनच गेलो."

डॉक्टर त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसले. "पोटाच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून, एक मांसाचा तुकडा असतो. आंब्याच्या पानासारखा लांबट. त्याला स्वादुपिंड म्हणतात. खाल्लेलं पचवायचा रस तो करतो. त्यात तुला गाठ झाली आहे, कॅन्सरची. त्या गाठीनं पित्ताची नळी दाबली, म्हणून तू पिवळा झालास. मुंबईच्या डॉक्टरांनी पित्ताला दुसरी वाट करून दिली. म्हणून पिवळेपणा गेला. पण गाठ काढता आली नाही. ती फार पसरली आहे."

"म्हंजे ती हायच आत?"

"आहे. वाढणार."

कोंडी म्हणाली, "पण साहेब, तो जेवतो आता."

"जेवेल काही दिवस. जेवू दे त्याला." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "दिवाळी दिसली तर नशीब म्हणायचं."

 मग माघ्यानं विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही. फार लवकर कळलं तर कधी कधी कापून काढता येते. बहुतेक वेळा नाही. पण डोळे पिवळे, अंगाला खाज, पाठीत दुखणं आणि माणूस सुकत चाललेला, असं दिसलं की पाल्यावर दिवस घालवू नयेत. लगेच यावं. एवढंच मी सांगू शकतो."

"आन् हे कुणी करतं का साहेब? नजर, करणी?"

"कुणी करत नाही. कशानं होतं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. पण एका माणसाला दुसऱ्यावर हे आणता येत नाही."

पाड्यावर पोचली तेव्हा माणसं धावत आली. पोश्यानं भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि आनंदानं ओरडला, "गेली! पिवळं सगळं गेलं!" मुलं कोंडीच्या कमरेला बिलगली. कोंडीची नजर मात्र शेजारी गेली. भागीचं घर नव्हतं. कूड उपटलेला, चूल फुटलेली, अंगणात राख.

"भागीबाय कुठं हाय?"

पोश्या म्हणाला, "काढली तिला. तुम्ही गेल्यावर ढवळूनं सुपात दाणे टाकले. भुताळी म्हणून तिचंच नाव निघालं. आम्ही झऱ्यावर पाणी भरू दिलं नाय. उन्हाळ्याचं पाणी, वाटीवाटीनं भरायचं, तरी दूर बसून राहायची मडकं घेऊन. जाईना. मग…"

"मग काय?" माघ्यानं विचारलं.

"मारली."

"कुणी?"

पोश्यानं मान वळवली. "सगळ्यांनीच. तवा गेली ती भावाकडं, वांगणीला. आन् दादा, बघ ना तू! तिला काढली आन् तिकडं तुझं पिवळं उतरलं. तिनं सोडलं तुला."

माघ्या तिच्या फुटक्या चुलीजवळ जाऊन बसला. त्याला भोवळ आली असं समजून कुणी तरी पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी पोश्यानं कोंबडं कापायचं ठरवलं होतं. माघ्या म्हणाला, "नको कापू. मी बरा झालो नाय, पोश्या. गाठ आतच हाय. मी मरणार हाय." पोश्या हसला. "दवाखान्यानं भ्या घातलंय तुला," म्हणाला आणि कोंबडं कापलंच. पाडा जेवला. माघ्याही जेवला, कारण त्याला भूक लागत होती.

कोंडी रागावली होती, पण पोश्यावर नाही, नवऱ्यावर. झऱ्याच्या वाटेवर तिनं त्याला थांबवलं. "कशाला सांगत फिरतोस? त्यांना आनंद झालाय. मलाबी झालाय. चार महिने हायत ना? ते तरी सुखानं जगू दे मला."

"आन् चार महिन्यांनी? मी परत सुकलो की हे भागीला शोधायला जातील. वांगणीपर्यंत जातील. तिच्या हातावर आपली पोरं झाली, कोंडे."

कोंडीनं मडकं खाली ठेवलं. तिला हे ठाऊक होतं. तिला ते ऐकायचं नव्हतं. ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली, आणि माघ्या तिच्या शेजारी नुसता बसून राहिला.

मग माघ्या आणि कोंडी भागीला आणायला निघाली. ती दोघं मोखाड्याहून एस.टी.नं जव्हारला आणि तिथून वावर गावच्या रस्त्यानं चालत वांगणीला गेली. भागी अंगणात वरई निवडत होती, एकाच हातानं. दुसऱ्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि कोपरापुढं हात वाकडा बसला होता. तिनं माघ्याचे डोळे पाहिले.

"उतरलं," ती म्हणाली. "बरं झालं."

माघ्यानं तिला सगळं सांगितलं. स्वादुपिंड हा शब्द त्यानं डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला होता, तो त्यानं सावकाश उच्चारला. भागी ऐकत राहिली.

"चल घरी," तो म्हणाला. "घर मी बांधून देतो."

"आज तू चालतोस म्हणून चल म्हणतोस. तू पडलास की मी परत भुताळी. ह्या टायमाला हात मोडला. पुढच्या टायमाला जीव घेतील." भागीनं हे रागानं म्हटलं नाही. जनावराच्या आजाराबद्दल बोलावं तसं म्हटलं. "त्यांना आधी कळू दे. मग बघू."

"मी सांगतो त्यांना. सगळ्यांना सांगतो."

"सांग," भागी म्हणाली. "मी इथंच हाय."

असं ते सुरू झालं. आधी झऱ्यावर. सकाळी बायका मडकी लावून बसल्या असताना माघ्या तिथं जाऊन उभा राहिला, सदरा वर केला आणि पोटावरचा लांब व्रण दाखवला. "हे बघा. इथून फाडलं. आत गाठ बघितली डागदरांनी डोळ्यांनी. भागीनं नाय ठेवली. आपसूक झाली." बायकांनी पदर तोंडाला लावले. एक जण म्हणाली, "आता तर बरा हायस की." तो म्हणाला, "नाय. बघाल तुम्ही."

मग खोडाळ्याच्या बाजारात. पाऊस लागला तरी उघडीप बघून तो एकेका पाड्यावर जाई. शेतात लावणी चाललेली असायची. माणसं बांधावर येत, तंबाखू मळत ऐकत. तो सांगायचा, डोळे पिवळे झाले, खाज सुटली, पाठीत दुखलं, अन्न जाईना आणि माणूस सुकायला लागलं, तर जव्हारला जा. दवाखाना बरं करीलच असं नाय. मला नाय केलं. पण आत काय हाय ते कळतं. मग कुणाला मारायला लागत नाय. काही ठिकाणी लोक ऐकत. काही ठिकाणी हसत. एका पाड्यावर तर म्हातारा म्हणाला, "मरायला टेकलेला माणूस डोंगर चढून बोलायला येतो होय? ह्याला भागीनंच शिकवून पाठवलाय." 

कोंडी त्याच्याबरोबर जाई, पण गप्प. श्रावणाच्या शेवटी चढावर त्याला धाप लागायला लागली. वरच्या पाड्यावर पोचल्यावर तो बोलायला उभा राहिला आणि आवाजच फुटेना. माणसं वाट बघत होती. तेव्हा कोंडी पुढे झाली. आधी तिची जीभ अडखळली. मग तिनं आपल्या लुगड्यावरूनच पोटावर हात ठेवून दाखवलं, कुठं असतं ते, पोटाच्या मागं, कण्याला लागून. "आंब्याच्या पानाएवढं," ती म्हणाली. बायकांनी तिला असल्या गोष्टी विचारल्या ज्या माघ्याला कुणी विचारल्या नव्हत्या. शौचाचा रंग कसा होता, पोरांना लागतं का, एका ताटात जेवलं तर चालतं का. तिनं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. बाकीचं ठाऊक नाही म्हणाली.

पोश्या एकदाही आला नव्हता. भाऊ बरा झाला यावर त्याचा विश्वास होता, आणि तो विश्वास त्याला हवाच होता. तो विश्वास सुटला असता तर भागीच्या हातावर त्यानं घातलेली काठी त्याच्याच अंगावर आली असती. पण भाद्रपदात माघ्याचं जेवण पुन्हा तुटलं. गालफडं बसली. पाठीतलं दुखणं असं वाढलं की तो गुडघे पोटाशी घेऊन, ओणवा होऊनच बसे. पाड्यात कुजबुज सुरू झाली. पोश्या भावाच्या घरी येऊन उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावर कोंडीला पूर्वीचंच दिसलं, राग आणि भीती.

माघ्या म्हणाला, "इकडं ये. बस. हात दे."

त्यानं भावाचा हात धरून आपल्या पोटावर, बरगड्यांच्या मध्ये खाली ठेवला आणि दाबला. पोश्याच्या बोटांखाली काही तरी कठीण लागलं. दगडासारखं, हलत नसलेलं. त्यानं विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"लागली?"

पोश्यानं मान हलवली.

"हीच मुंबईला बघितली त्यांनी. तू भागीला मारत होतास तेव्हाबी ही हितंच होती. तिला काढल्यावरबी हितंच होती. वाढत होती. परत हात लाव."

पोश्यानं पुन्हा हात लावला. या वेळी त्यानं तो काढला नाही. तो तसाच बसून राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. "दादा," तो म्हणाला, "तिचा हात मी मोडला. मीच."

"ठाऊक हाय मला."

त्यानंतर डोली पोश्यानं केली. दोन बांबू, मधे घोंगडी. ज्या पाड्यांवर माघ्या पोचला नव्हता तिथं पोश्या आणि आणखी तिघं त्याला खांद्यावरून नेत. आता माघ्याला फार बोलावं लागत नसे. त्याच्याकडे बघून कुणी हसत नव्हतं. तो घोंगडी बाजूला करी आणि म्हणे, "हात लावा." धीट माणसं पुढे येत, हात लावत आणि मागे सरत. कोंडी सांगे. पोश्या डोलीजवळ मान खाली घालून उभा राही.

ढवळू भगतालाही माघ्यानं बोलावून घेतलं. म्हाताऱ्यानं गाठीला हात लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"दाण्यांत ही दिसली नव्हती?" माघ्यानं विचारलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं.

"नाय," ढवळू म्हणाला. "दाण्यांत नाव दिसतं. आतलं दिसत नाय." तो उठला, दारात थांबला. "पाल्यानं उतरली नाय अशी कावीळ मी जव्हारला पाठवीन. दाणे टाकणार नाय तिच्यासाठी." भागीचं नाव त्यानं घेतलं नाही.

दिवाळी माघ्यानं पाहिली, पण त्याला ती कळली नसावी. गुप्ते डॉक्टरांनी दुखणं दबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की तो ग्लानीत पडे, आणि ग्लानीतून जागा झाला की दुखण्यानं ओठ चावी. भात कापणी चालू असताना एका दुपारी तो गेला. घरात कोंडी एकटीच होती. तिनं त्याचे पाय सरळ केले. भाद्रपदापासून ते सरळ झाले नव्हते. मग ती शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि पोश्याला हाक मारली.

मातीला आसपासच्या पाड्यांवरची माणसं आली, कोंडीनं विचारही केला नव्हता एवढी. तिथंच एक म्हातारी हळूच म्हणाली, "कुणी तरी खाल्लाच पोरगा." पोश्यानं ते ऐकलं. तो भावाच्या डोक्याशी बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "गाठीनं मेला तो. मी हात लावलाय. कुणाचं नाव घेऊ नका." म्हातारी गप्प झाली. तिला ते पटलं का, कोण जाणे.

दिवसकार्य झाल्यावर कोंडी वांगणीला गेली. भागीनं तिला बघताच ओळखलं काय झालं ते. तिनं कोंडीला घरात घेतलं, आंबील दिली, तिच्या केसांवरून धड हात फिरवत बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,

"माझं नाव घेतलं कुणी?"

"नाय, भागीबाय. कुणीच नाय."

भागीनं तेव्हा पदर डोळ्यांना लावला. मारलं त्या दिवशीही ती रडली नव्हती, असं तिची भावजय म्हणाली.

पण ती परत आली नाही. कोंडीनं विनवलं, पोश्यानं घराला नव्या कारव्या तोडून ठेवल्याचंही सांगितलं. भागी म्हणाली, "तुझ्यावर राग नाय. पोश्यावरबी नाय, म्हणाव त्याला. पण त्या झऱ्यावर मला परत पाणी भरायचं नाय." तिच्या वाकड्या हातात विळा धरवत नव्हता, आणि सुईणपणही सुटलं होतं. पाड्यात पुढची बाळंतपणं दुसऱ्याच कुणी केली, आणि त्यांतलं एक मूल दगावलं.

पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता खालच्या पाड्यावरची पारू पिवळी झाली. ढवळूचा पाला चालला नाही. तिचा नवरा सुकऱ्या कोंडीच्या दारात येऊन उभा राहिला. कोंडीनं भाकर टोपलीत टाकली, मुलांना पोश्याकडे सोडलं आणि ती निघाली. वाटेत सुकऱ्यानं विचारलं, "वयनी, दवाखान्यात जाऊन माघ्या काय वाचला नाय. मग पारू वाचंल?"

"मला ठाऊक नाय," कोंडी म्हणाली. "काय हाय ते बघतील तरी."

पारू डोलीत डोळे मिटून पडली होती. तिच्या अंगाला खाज सुटली होती, आणि चालता चालता कोंडी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, नखं न लावता, माघ्याला बरं वाटायचं तसा. मोखाड्याचा उतार लागला तसे डोलीवाले जपून पाय टाकायला लागले.